पंचेचाळीस मिनिटांवरचा कॅनडा

प्रिय धाकट्या नवरोबा,

अक्षर पाहून घाबरू नकोस. अक्षर ओपोन्दो मास्तरांचं आहे, तोंड माझं आहे. मास्तर आपल्या अंगणात आंब्याखाली बसलेत, मांडीवर बायबल, बायबलवर कागद. मी त्यांना आधीच बजावलंय की जे बोलेन तेच उतरवायचं, शाळा घरी ठेवून यायचं. तरी पहिल्याच ओळीत त्यांनी 'देवाच्या कृपेने आम्ही सर्व सुखरूप आहोत' असं लिहून टाकलं. मी वाचून दाखवायला लावलं आणि खोडायला सांगितलं. सुखरूप असते तर भर उन्हात या म्हाताऱ्याला घरातून ओढून आणलं असतं का? तेव्हा वर एक ओळ काळी केलेली दिसेल, ती मास्तरांची. तुझा कान पिळणारे हेच ते मास्तर. आता त्यांचे स्वतःचेच कान गेलेत, म्हणून मला ओरडून सांगावं लागतंय आणि कुंपणापलीकडच्या बायका ओमेनाची बारीक मासळी वाळवायची सोडून तुझं पत्र ऐकताहेत. ऐकू देत. या घरात आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही.

बातम्या अशा आहेत. तांबड्या शेळीला जुळं झालं. विमानतळाच्या कुंपणाला नवी तार आली, त्यामुळे पोरं आता धावपट्टीशेजारच्या गवतात शिरत नाहीत. सकाळचं नैरोबीचं विमान अजून आपल्या छपरावरूनच उतरतं आणि अजून तेव्हाच बोलणाऱ्याला वाक्य अर्ध्यावर सोडून थांबावं लागतं. तुझ्या आजोबांच्या कबरीवर गवत धरलंय. मला दिसायला कमी झालंय, ऐकायला मात्र चांगलं येतं. पहिल्यापेक्षा चांगलं. आणि या महिन्यात मी एक नवी गोष्ट शिकले. वाचायला नाही, त्याची वेळ गेली. मी अंतर मोजायला शिकले.

तुला आठवतं का, तू गेलास तो दिवस? सहा वर्षं झाली. आजोबांनी होडी विकली होती. तुझ्या बापाच्या पाठीमागे तीच एक उरली होती. अख्खं गाव तुला पोचवायला विमानतळावर आलं. चर्चच्या बायका गात होत्या, न्याम्बोक काका नाचता नाचता चप्पल हरवून बसले, आणि मी तुझ्या पिशवीत भाजलेला मासा कोंबत होते तेव्हा तू म्हणालास, "बायको, तिकडे मासे नेऊ देत नाहीत." मी म्हटलं, "मग तसल्या देशात कशाला चाललास?" सगळे हसले. तू चार दिवसांचा होतास तेव्हा तुला आजोबांचं नाव दिलं, ओर्वा. त्या दिवसापासून घरात माझे दोन नवरे झाले, एक थोरला, एक धाकटा. थोरला शब्द मोजून बोलायचा, धाकटा पाच वर्षांचा असताना उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "बायको, जेवण कुठंय?" तुझा बाप तळ्यात बुडाला, तुझी आई दुसऱ्याच वर्षी तापाने गेली, तरी हे घर हसतं राहिलं ते तुझ्या त्या रुबाबामुळे. तर त्या दिवशी विमान उडालं, छपरावरून गेलं, आणि मी डोक्याचा रुमाल सोडून हलवत बसले, विमान ढगात शिरलं तरी.

संध्याकाळी ह्याच मास्तरांना मी विचारलं होतं, कॅनडा किती लांब? ते म्हणाले, आधी नैरोबी, मग युरोपात एका ठिकाणी उतरायचं, दुसरं विमान घ्यायचं, मग समुद्र, सगळं मिळून एकोणीस तास. मी ते पाठ केलं. पाणवठ्यावर, बाजारात, चर्चच्या दारात, कोणी विचारो न विचारो, मी सांगायची, "माझा नवरा एकोणीस तासांवर असतो." लोकांच्या पोरी लग्न होऊन पुढच्या गावी गेल्या तरी रडतात, माझं माणूस एकोणीस तासांवर, आणि मी रडत नाही, अशी माझी ऐट. तू पाठवलेला तो जाड काळा कोट मी दर रविवारी घालायची. आपल्या किसुमूच्या उकाड्यात. पाद्री प्रवचन करायचे आणि माझ्या पाठीवरून घाम वाहायचा. आकेलो मासळीवाली मागच्या बाकावरून म्हणायची, "आजी, कोट काढा, नाहीतर प्रार्थना संपेपर्यंत तुमचीच उकड होईल." मी म्हणायची, "तुला काय कळणार, हा बर्फातला कोट आहे." कोटाच्या आतल्या बाजूला कसला तरी वास यायचा, जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना येतो तसा. मला वाटायचं, कॅनडाचा असेल.

तू फोन करायचास. मागच्या वर्षी जुलैमध्ये केलास तेव्हा तुझे दात वाजत होते. म्हणालास, "आजी, काय थंडी पडलीय, गुडघ्याएवढा बर्फ आहे." मी चुलीजवळ बसून तुझ्यासाठी काकडले. न्याम्बोक काकांनी मान डोलावली, जुलै म्हणजे थंडीच, नैरोबीतसुद्धा जुलैमध्ये लोक टोपी घालून झोपतात, मग कॅनडात तर काय. अख्ख्या गावाला पटलं. हे वाक्य उतरवताना आत्ता मास्तरांनी लेखणी थांबवली. विचारलं, काय झालं? तर म्हणतात, "आगोला, कॅनडात जुलैमध्ये उन्हाळा असतो. तिकडे लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात." मी म्हटलं, "हे मला वर्षभर आधी सांगायला काय झालं होतं?" ते म्हणतात, "बर्फाचं मला कुणी सांगितलंच नाही." बघ, नवरोबा. खोटं बोलायचं तर निदान त्या गावचा उन्हाळा विचारून घ्यायचा. कुठे बसून दात वाजवत होतास ते मला आता माहीत आहे.

पण सगळं एकदम नको, क्रमाने सांगते. आधी थोरल्या नवऱ्याचं.

दोन वर्षांपूर्वी आजोबांचे डोळे करायचे होते. मोतीबिंदू इतका वाढला होता की मक्याच्या उगालीचा गोळा समजून चुलीतला दगड चिमटीत धरायचे. चर्चची माणसं त्यांना बसने नैरोबीला घेऊन गेली. परत यायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बसचे धक्के नकोत. मग तुझा फोन आला की तिकिटाची काळजी करू नका, कॅनडातून सोय करतो. ते विमानाने आले. मी विमानतळाच्या फाटकाशी उभी. डोळ्यांवर काळा चश्मा, हातात एक कागद, चेहरा असा की जणू कोणाला पुरून आलेत. मी म्हटलं, "राजे आकाशातून उतरले, आता पायांवर विश्वास बसेल ना?" हसले नाहीत. घरी येऊन आंब्याखाली बसले आणि म्हणाले, "आगोला, नैरोबी काही लांब नाही गं. पंचेचाळीस मिनिटं. वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं." मी म्हटलं, "असेल, आपल्याला काय करायचंय नैरोबीशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी बायको नीट दिसली म्हणून धक्का बसला असेल. मी लाजलेसुद्धा. आता त्या लाजेची लाज वाटते.

त्या दिवसानंतर दुपारचं विमान उडालं की ते टोपी काढून हातात धरायचे आणि डोळे पुसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, औषधाने पाणी येतं. आणि तू कधी येणार हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पूर्वी फोनवर त्यांचा तोच एक प्रश्न असायचा.

तेव्हापासून फोन कमी झाले आणि निरोप यायला लागले, फोनवर लिहून येतात ते. आता त्यांना दिसत होतं, म्हणून रविवारी जेवण झालं की ते मला वाचून दाखवायचे. काय सुंदर निरोप होते ते. एकात तू लिहिलं होतंस की इथली सफरचंदं माणसाच्या डोक्याएवढी असतात. एकात रस्त्यावर हरीण आलं आणि ते पलीकडे जाईपर्यंत सगळ्या गाड्या थांबून राहिल्या. एकात साहेबांनी तुला मोठ्या यंत्रावर बसवलं होतं, नुसतं बोट लावलं की चालतं असं यंत्र. मी चुलीपुढची भांडी बाजूला सारून ऐकायची. आजोबा चश्मा लावून एकेक शब्द सावकाश वाचायचे, मध्येच थांबायचे. मला वाटायचं, अक्षर बारीक असेल.

मार्चमध्ये ते गेले ते तुला माहीत आहे. सकाळी जाळं विणताना मान खाली गेली ती वर आली नाही. आपल्याकडे घरातल्या थोरल्या मुलाने पहिली मूठमाती दिल्याशिवाय कबर बुजवत नाहीत. तुझा बाप नाही, म्हणजे थोरला तू. मी म्हटलं, थांबायचं. शवागारात अकरा दिवस ठेवलं. नातेवाईक आले, जेवले, गेले, पुन्हा आले. तू फोनवर म्हणालास, "आजी, रजा मिळत नाही, बर्फाने विमानं बंद आहेत, एकोणीस तासांचा प्रवास आहे, मी कसा येऊ?" आणि रडलास. न्याम्बोक काका चिडले, म्हणाले, "मेलेल्या माणसाला किती दिवस रांगेत उभं करायचं?" मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "एकोणीस तास म्हणजे काय तुमचं बाजाराला जाणं आहे का? माझा नवरा समुद्रापलीकडे आहे." तुझी बाजू मी घेतली. हे लक्षात ठेव. त्या अंगणात तुझ्या बाजूने बोलणारी मी एकटी होते.

बाराव्या दिवशी पुरलं. दुपारी तुझा फोन आला. काकांनी तो मोठ्या आवाजावर टाकून कबरीवर धरला आणि तुझ्या नावाने मूठभर माती टाकली. तू रडत होतास, "आजोबा, माफ करा, आजोबा, माफ करा," आणि मांडवातल्या बायका तुझ्याबरोबर रडल्या. तेवढ्यात विमानतळावर दुपारचं विमान सुरू झालं. आपल्या अंगणात तो आवाज आला की बोलणं थांबतं, तसं पाद्रींचंही थांबलं. आणि मला फोनमधूनही तोच आवाज ऐकू आला. आधी बारीक घरघर, मग ती शिट्टीसारखी चढत गेलेली. कुंपणाकडून आणि फोनमधून, दोन्हीकडून बरोबरच. तू म्हणालास, "आजी, ठेवतो, लाइन तुटतेय." मी मनात म्हटलं, हा फोन आपलाच आवाज परत देतोय. नाहीतर कॅनडातही दुपारीच विमानं उडत असतील. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतं बघ. विमान मांडवावरून गेलं, सावली कबरीवरून सरकली, आणि मी वर बघून हात जोडले, म्हटलं, तू तरी त्याला निरोप सांग.

आता आकेलोचं ऐक. तिच्या पोरीचं बाळंतपण नैरोबीत होतं, म्हणून गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा विमानात बसली. एरवी तिचे मासेच विमानाने जातात, सकाळी इथून निघाले की मक्या-घेवड्याची हंडी इथे अर्धीकच्ची असते तोवर तिकडे पोचतात. तिने पोरीसाठी मोठा मासा पिशवीतून नेला आणि अर्थातच पिशवी गळली. नैरोबीच्या विमानतळावर त्या गुळगुळीत फरशीवर आपल्या तळ्याचं पाणी सांडत चालली होती बाई. मागून एक माणूस फडकं मारत आला. खाली मान घालून पुसत पुसत तो तिच्या चपलेपर्यंत आला आणि वास घेऊन आपल्या भाषेत पुटपुटला, "हा आपल्या उसोमा गावचा मासा आहे." तिने खाली पाहिलं, त्याने वर पाहिलं.

ती सांगते की तू तिचे पाय धरलेस. म्हणालास, "काकू, आजीला सांगू नका. आजोबांना माहीत होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका." आकेलोने नऊ दिवस सांगितलं नाही. आकेलो, नऊ दिवस. तिच्या नवऱ्याला वाटलं बाईला नैरोबीत काहीतरी करणी झाली. दहाव्या दिवशी ती माझ्यापुढे बसून मासे साफ करत होती, आणि एकाएकी सुरी खाली ठेवून म्हणाली, "आजी, रविवारी तो कोट नका घालू." मी म्हटलं, "का गं?" आणि मग सगळं बाहेर आलं. तुझे कागद खोटे होते ते, नैरोबीतच काचेमागच्या माणसाने शिक्का मारून तुला मागे फिरवलं ते, ज्याने कागद करून दिले त्याचा दरवाजा बंद होता ते. सहा वर्षांत तू समुद्र पाहिलाच नाहीस. एकोणीस तासांतला पहिला तुकडा तेवढाच खरा.

मी रडले नाही. मी आत गेले, कोट काढला, शेळीच्या पिलांखाली अंथरला. मग तुझ्या आजोबांचा फोन घेतला. मार्चपासून तो माझ्याच ओटीत असतो. वाजला की उचलायचा, एवढं मला येतं. तो घेऊन मी मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, यातले सगळे निरोप वाचा.

मास्तरांनी पहिला उघडला, घसा साफ करून म्हणाले, "लिहिलंय की, आजी, मी मजेत आहे." मी म्हटलं, "पुन्हा वाचा." ते म्हणाले, "आजी, माझी तब्येत छान आहे." मी म्हटलं, "मास्तर, मला अक्षर येत नाही, पण खरं वाचलेलं दुसऱ्यांदाही तेच येतं एवढं मला समजतं. तुम्हीही आता त्या दोघांतले झालात का?" त्यांनी चश्मा पुसला. मग बायबलवर हात ठेवला आणि जे होतं ते वाचलं. प्रत्येक निरोप मी दोनदा वाचून घेतला.

ज्या रविवारी सफरचंदं डोक्याएवढी होती, त्या दिवशी तू लिहिलं होतंस, "आजोबा, खोलीचं छप्पर गळतं, एका गादीवर दोघं झोपतो, आजीला सांगू नका." हरीण रस्त्यात आलं त्या दिवशी लिहिलं होतंस, "आजोबा, तीन दिवस काम नाही." यंत्रावर बसलास त्या दिवशी, "आजोबा, विमानतळावर फरशी पुसायचं काम लागलं. रोज आपल्या गावाचं विमान येताना दिसतं." प्रत्येकाच्या शेवटी तेच, आजीला सांगू नका, आजीला सांगू नका. एकच निरोप होता जो आजोबांनी मला जसाच्या तसा वाचून दाखवला होता. "तिच्या हातची उगाली खावीशी वाटते." तिथे मात्र मास्तरांना दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही, मला तो पाठ होता.

पन्नास वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. माझ्यासाठी त्याने कधी गोष्ट रचली नाही. पावसात अडकलो, एवढं सांगतानासुद्धा खाली बघायचा. आणि म्हातारपणी रचायला लागला तो तुझ्यासाठी, माझ्याविरुद्ध. नवे डोळे मिळाल्यावर दवाखान्यात त्याने फोनवरचा तुझा नंबर पाहिला, तो आपल्याच देशातला निघाला, आणि तुला बोलावून घेतलं, हेही त्या निरोपांतूनच समजलं. म्हणजे डोळे उघडल्यावर त्याने पहिल्यांदा तुझं खोटं पाहिलं आणि घरी येऊन माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. मला वाचता येत नाही, ही तुम्हा दोघांना आयती भिंत मिळाली. तिच्या पलीकडे बसून तुम्ही एकमेकांजवळ रडत होतात आणि अलीकडे मला हरणं दाखवत होतात. गळकं छप्पर मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं रे? तुझा बाप तळ्यातून परत आला नाही तेव्हा मी हे घर उभं ठेवलं. फडकं मारणारा नातू मला पेलला नसता, असं कुणी ठरवलं?

तरीही, तेवढ्यावर हे पत्र लिहिलं नसतं. चार दिवस चिडले असते, आकेलोबरोबर तुला मासे आणि चार शिव्या पाठवल्या असत्या.

शेवटचा निरोप मार्चमधला होता. मूठमातीच्या दिवशीचा, दुपारनंतरचा. आजोबांच्या फोनवर, त्यांच्याच नावाने. मास्तर तो दोनदा वाचू शकले नाहीत, एकदाच वाचला. "आजोबा, मी आलो होतो. विमानातून मांडव दिसला. पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आलो. तिथून रडणं ऐकू येत होतं. लोक विचारतील कॅनडातून कसा आलास, आणि मी काय सांगू? पुढे पाय गेले नाहीत. त्याच विमानाने परत चाललोय. तिला सांगू नका."

म्हणजे फोनमधला तो आवाज आपलाच परत आलेला नव्हता. तू तिथेच होतास. फाटकापासून आपलं अंगण दहा मिनिटं, म्हातारीच्या चालीने. एकोणीस तास लांब आहेस म्हणून मी माफ केलं होतं, पंचेचाळीस मिनिटंसुद्धा माफ केली असती. या दहा मिनिटांचं काय करू? मी वर बघून ज्या विमानाला हात जोडले त्यात तू बसला होतास. आणि हे तू मेलेल्या माणसाला लिहिलंस, कारण तो वाचणार नव्हता, आणि फोन जिच्याजवळ आहे तिला वाचता येत नाही. पाच महिने तुझं खरं बोलणं माझ्या ओटीत होतं. मी त्याच्यासकट जेवले, झोपले, चर्चला गेले.

आता कामाचं. तुझा बाप बुडाला आणि तळ्याने त्याला परत दिलं नाही, तेव्हा आपण काय केलं ते तुला आठवत असेल, तू सात वर्षांचा होतास. यागोचं लांब फळ झाडावरून तोडलं, चादरीत गुंडाळलं, आणि माणसाच्या जागी ते पुरलं. तुझ्या बापाच्या कबरीत माणूस नाही, फळ आहे. तू मला विचारलं होतंस, "बायको, ते उगवेल का?" मी काल न्याम्बोक काकांना सांगून दुसरं यागो तोडून आणलं. काका म्हणाले, जिवंत माणसाचं यागो पुरत नाहीत, घराला पाप लागतं. मास्तरांनीही आत्ता लेखणी खाली ठेवली होती, मी उचलायला लावली. मी जिवंत माणसाचं पुरत नाहीये. कॅनडात एक ओर्वा होता, सफरचंदं खाणारा, यंत्रावर बसणारा, त्याच्यासाठी मी सहा वर्षं ऐटीत फिरले. तो गेला आणि त्याचं प्रेत मिळालेलं नाही. शनिवारी आजोबांच्या शेजारी त्याला पुरायचं आहे. गावाला बोलावलंय, का ते सांगितलेलं नाही, ते तू आलास तर तू सांगशील. हे पत्र आकेलोच्या माशांबरोबर सकाळच्या विमानाने येईल, वास आला तर नाक मुरडू नकोस. थोरला म्हणून पहिली मूठ तुझी, आणि आजोबांवर टाकायची राहिली तीही त्याच वेळी टाक. कुणी काही विचारलं तर मी तुझ्याशेजारी उभी असेन, मार्चमध्ये होते तशीच. उगाली करून ठेवीन, पण फाटकापर्यंत न्यायला येणार नाही. ती दहा मिनिटं तुझी तू चालायची. सकाळचं विमान छपरावरून गेलं की मी हंडी चुलीवर ठेवीन आणि ती शिजेपर्यंत थांबेन. नाही आलास तर पहिली माती मी टाकीन. मग त्या फळाखाली कोण पुरलं, कॅनडातला की नैरोबीतला, ते तुझं तू ठरव.

तुझीच थोरली बायको,
आगोला

(खालचा अंगठा माझा आहे. मास्तरांना हात लावू दिला नाही.)